पालकसभेपलीकडे

उन्हामुळे वऱ्हाडातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच सुमारास हा अंक तुमच्या हाती देत आहोत. विषय आहे मुलांमधला आदर आणि घर-शाळेची भागीदारी. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषदेच्या शाळांमधील व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, मारहाण आणि मानसिक छळावर बंदी घातली. तरी अमरावती-अकोल्याकडे पालक शाळेत जातो तो बहुधा तक्रार आली म्हणून. (अन् सभा ऐन पेरणीत ठेवली, तर येणार कोण?)

आदर म्हणजे मान खाली घालणं, हे आम्हाला मान्य नाही. प्रश्न विचारणाऱ्या पोराला ‘लय बोलतं’ म्हणून गप्प करणारं घर आणि शाळा, दोघांशीही या अंकात आमचं भांडण आहे. तुमचे अनुभव कळवा. मुलांनी लिहिलं, तर ते आधी छापू.