रंग नंतर, स्वभाव आधी

पाचशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक घेतला की माणसाला सगळे रंग एकदम हवे होतात. माझं मत सरळ आहे: मासा रंग बघून नाही, स्वभाव बघून घ्यावा.

'फाइंडिंग डोरी'तला निळा टँगच घ्या. दुकानात बोटाएवढा असतो, पण वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि दिवसभर पोहणारा प्राणी. त्याला आपला टँक म्हणजे वन-रूम-किचन! मँडरिन तर काय देखणा! पण त्याला लागतात बारीक जिवंत कोपेपॉड. नव्या टँकमध्ये ते पुरेसे नसतात, बिचारा आपल्या डोळ्यांदेखत उपाशी मरतो. स्वस्तातला निळा डॅमसेल एकदा जागा धरून बसला की मागून येणाऱ्याला छळतो. समुद्रात पळून तरी जाता येतं, काचेत कुठे पळणार?

मग घ्यायचं काय? टँकमध्येच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी, अर्धा जांभळा-अर्धा पिवळा रॉयल ग्रामा, एखादा फायरफिश (उड्या मारतो, झाकण हवंच). गरीब स्वभावाचे आधी, दादागिरीवाले शेवटी, आणि मध्ये काही आठवडे जाऊ द्यायचे. रंग काही कमी पडत नाहीत. फक्त यादी घरी बसून करा, दुकानात उभं राहून नको.