आईच्या आठवणीत हसूही असावे

घरातली आई गेली की दारावर येणाऱ्यांचे बोलणे बहुधा एकाच वाटेने जाते. ‘फार सोसले हो माउलीने’, ‘शेवटी हाल झाले’. पिंप्राळा असो की जळगाव शहर, गंधमुक्तीपर्यंत हेच ऐकू येते. ती शेजारणीची नक्कल कशी करायची, आखाजीच्या झोक्यावर गाण्यातून सासरच्यांची फिरकी कशी घ्यायची, हे कोणी काढत नाही. ते आठवून एखाद्या लेकीला हसू फुटलेच, तर तिच्याकडे डोळे वटारले जातात. ही शिस्त मनाच्या आरोग्याला पोषक नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो यांचा यावरचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदार गमावलेल्या माणसांच्या मुलाखती त्यांनी तपासल्या. गेलेल्या माणसाविषयी बोलताना जे मनापासून, म्हणजे डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडतील असे हसले, त्यांना मानसिक त्रास कमी जाणवत होता. हसण्याने दुःख हलके झाले, की सावरलेलेच हसू शकले, हे यातून ठरत नाही. शिवाय आई गमावणे निराळे. पण हसणाऱ्याला दुःखच नाही, हा समज मात्र टिकत नाही.

याचे उदाहरण जळगावच्याच मातीत आहे. बहिणाबाई चौधरींना तिशीत वैधव्य आले. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर सुचलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. त्यात वैधव्याचे दुःख आहे, तसा माणसांच्या वागण्याला काढलेला मिश्कील चिमटाही आहे. मुलाने आईचे फक्त अश्रू जपले असते, तर मराठीला अर्धीच बहिणाबाई मिळाली असती.

घरोघरी हे करता येते. आईचे टोमणे, तिने ठेवलेली टोपणनावे, तिच्या खोड्या वहीत लिहाव्यात, मोबाइलवर बोलून ठेवाव्यात आणि नातवंडांना सांगाव्यात. मात्र हसण्याची सक्ती नको. मृत्यू अचानक आला असेल किंवा नात्यात कडवटपणा असेल, तर हसू यायला वेळ लागतो; काहींना येतही नाही. सहा महिने उलटूनही दुःख तितकेच तीव्र असेल आणि त्यापायी झोप, जेवण, कामधंदा विस्कटला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही शासकीय हेल्पलाइन दिवसरात्र मोफत आहे, जगणे नकोसे वाटत असेल तर सहा महिने थांबूच नये.

दारावर जाणाऱ्यांनीही एक करावे. ‘कशाने गेल्या?’ एवढेच न विचारता ‘त्या कशाला हसायच्या?’ हेही विचारावे. घरच्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असते.