हळद, चिंच आणि मुलांचा रसायनाचा धडा

आपल्या घरांत रोज संध्याकाळी एक दृश्य दिसते. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी टेबलाशी बसून घोकत असते : ॲसिड आणि बेस मिळून सॉल्ट आणि पाणी. तिकडे स्वयंपाकघरात आजी चिंचेने समई घासत असते. दोघांचा विषय एकच असतो. पण नातवंडाला ते ठाऊक नसते आणि आजीलाही ते कोणी सांगत नाही. आम्हांला वाटते, ही आपल्या समाजाची एक मोठी हानी आहे, आणि तिच्याकडे आपण कोणीच लक्ष देत नाही.

आधी विषयच पाहू. मराठी शालेय पुस्तकांत ॲसिडला आम्ल म्हणतात, बेसला आम्लारी, आणि दोन्हींच्या संयोगातून पाण्याबरोबर जे तयार होते त्याला क्षार. आम्लारी म्हणजे आम्लाचा अरी, आम्लाचा शत्रू. शब्द एकदा फोडून सांगितला की मूल तो विसरत नाही. 'बेस' या शब्दावरून मुलाला काही कळत नाही, 'आम्लारी'वरून अर्धा धडा कळतो.

मात्र एका ठिकाणी जपले पाहिजे. हिंदीच्या पुस्तकांत बेसला क्षारक म्हणतात आणि सॉल्टला लवण. मराठीतला क्षार म्हणजे सॉल्ट. शिवाय आपल्या घरातले पापडखार, टाकणखार हे शब्द त्याच क्षारावरून आलेले, पण हे पदार्थ पाण्यात घातले तर गुण दाखवतात आम्लारीचा. आपली मुले हिंदी शिकणाऱ्या मित्रांबरोबर बसतात. हा फरक त्यांना कोणी समजावला नाही तर ती गोंधळतात आणि मग म्हणतात, मराठीत विज्ञान येत नाही. दोष मराठीचा नाही, न सांगणाऱ्यांचा आहे.

आता चिंचेकडे वळू. पितळेवर जो काळपट थर चढतो तो बहुतांशी धातूच्या ऑक्साइडचा असतो आणि धातूचे ऑक्साइड हे आम्लारीसारखे वागते. चिंचेत टार्टारिक आम्ल असते. दोन्हींचा संयोग होऊन क्षार व पाणी तयार होते, थर सुटतो आणि समई लखलखते. पुस्तकातले समीकरण ते हेच. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवू नये असे आजी का सांगते, तेही यातच आले.

बाजारात जिला आपण साफ्राँ म्हणून मागतो ती हळद घ्या. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग तांबडा होतो, लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. साबणाचे पाणी आम्लारीधर्मी, लिंबू आम्ल. प्रयोगशाळेतला लिटमस कागद जे काम करतो तेच हळद करते. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, आणि आपले जुने घरगुती कुंकू याच गुणावर होत असे. गणपतीला वाहतो ते तांबडे जास्वंदीचे फूलही असेच आहे. पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. त्या पाण्यात लिंबू घातले तर ते गडद गुलाबी होते, खाण्याचा सोडा घातला तर हिरवट. हळद, कुंकू, जास्वंद : आपले पूजेचे तबक म्हणजे निम्मी प्रयोगशाळाच आहे.

आणि ऊस? ज्या उसासाठी आपले पूर्वज मुंबई बंदरातून या बेटावर आले, त्याच्या साखरेची किल्लीही याच धड्यात आहे. उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण 5 ते 5.5. तसाच तापवला तर साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि दाणा कमी पडतो. म्हणून कारखान्यात रसात चुन्याची निवळी घालून पीएच 7 च्या आसपास आणतात. त्यामुळे साखर वाचते आणि मळीही खाली बसते. पीएच एका अंकाने बदलला की आम्लता दहा पटींनी बदलते, त्यामुळे 5 आणि 7 यांत शंभर पटींचे अंतर असते. एकेकाळी या बेटावर साखर कारखाने ठिकठिकाणी होते, आज बोटांवर मोजण्याइतके उरले. ज्यांनी तिथे हाताने चुना कालवला ती माणसे आता म्हातारी झाली. त्यांना हा प्रश्न विचारायला उशीर करू नये.

आमच्या आजीला पीएच कळत होता असे आम्ही म्हणत नाही. पूर्वजांना सारे ठाऊक होते अशी बढाई मारून विज्ञान शिकता येत नाही. आजीला 'कसे' ठाऊक आहे, पुस्तक 'का' सांगते. दोन्ही एकत्र आले तरच ज्ञान होते. नुसते घोकून किती नुकसान होते पाहा. जावेलचे पाणी आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र ओतले की क्लोरीन वायू सुटतो. तो फुफ्फुसांना घातक असतो. आम्लांच्या धड्यात चांगले गुण मिळवणाऱ्या आपल्या किती मुलांनी घरी आईला हे सांगितले आहे? ज्ञान वहीत राहिले आणि धोका मोरीत.

कोणी म्हणेल, परीक्षा इंग्रजीत, बोलणे क्रियोलमध्ये, मग मुलांच्या डोक्यावर मराठी शब्दांचे ओझे कशाला? परीक्षा इंग्रजीतच होऊ द्या, आमची हरकत नाही. पण आपण मराठीला आरती, भजन आणि चतुर्थीपुरती ठेवली आहे. जी भाषा फक्त देवासमोर बोलली जाते, ती मुलांना देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखी वाटू लागते. तिला नमस्कार करतात, वापरीत नाहीत. भाषा जगवायची तर तिच्यात चुना, सोडा, साखर आणि साबण यांच्या गोष्टीही बोलल्या पाहिजेत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मराठीच्या वर्गांनी गणेश चतुर्थीच्या आधी एक तास यासाठी द्यावा. हळद, लिंबू, सोडा, साबण आणि जास्वंद एवढेच साहित्य लागेल. भिंतीवर एक तक्ता लावावा. त्यात एकेका वस्तूचे मराठी, इंग्रजी आणि क्रियोल नाव, आणि ती आम्ल की आम्लारी हे लिहावे. वर्गात एखाद्या आजीला बोलवावे. तिने समई घासून दाखवावी आणि विद्यार्थ्याने समीकरण फळ्यावर लिहावे.

हे घडले तर मुलाला कळेल की आपली आजी अडाणी नाही, आणि आजीला कळेल की नातवाचे पुस्तक परके नाही. सुरुवातीला मंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही. या रविवारी आपल्याच स्वयंपाकघरात हळदीवर थोडा साबण लावून मुलांना विचारा, हे लाल का झाले?