ट्रेड घेताय? मग आधी वही काढा!

लातूर-नांदेडच्या पोरांना चुकांची वही नवीन नाही. नीटची टेस्ट झाली की कुठला प्रश्न चुकला आणि का चुकला, हे आपण लिहून काढतो. मग ऑप्शन्समध्ये पैसे गेले की 'आज मार्केटच खराब होतं' म्हणत ॲप का बंद करतो?

जरा आकडे बघा. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून जास्त. 2023-24 मध्ये यातले 43 टक्के ट्रेडर्स तिशीच्या आतले होते. आणि सलग तोटा होऊनही तोट्यातल्या 75 टक्क्यांहून जास्त लोकांनी ट्रेडिंग सोडलं नाही.

असं का होतं? कारण कमावलेला एक दिवस आपल्या लक्षात राहतो, गमावलेले दहा विसरले जातात. वही विसरत नाही.

ट्रेड घेण्याआधी चार गोष्टी लिहा. का घेतोय? किती तोटा झाला की बाहेर पडणार? डोकं शांत आहे की कालचा तोटा भरून काढायचाय? आणि पैसे कुणाचे? मेसचे, की घरच्यांनी सोयाबीन विकून पाठवलेले? ट्रेड संपल्यावर ब्रोकरेज, कर धरून हातात काय उरलं, तेही लिहा.

समजा, तुम्ही 100 रुपये प्रीमियमचा कॉल घेतला. निर्देशांक थोडा वर गेला, तरी प्रीमियम 80 वर आला. एक्स्पायरी जवळ येते तशी ऑप्शनची वेळेची किंमत झिजते, म्हणून असं होऊ शकतं. वहीत 'दिशा बरोबर, वेळ चुकली' एवढं लिहिलं, तर पुढच्या वेळी हात थबकेल. उलट, नियम मोडून झालेला नफासुद्धा लाल पेनानेच लिहा. तो नशिबाचा असतो.

दर रविवारी वही वाचा. पहिले 30 ट्रेड तर खरे पैसे न लावता, नुसते कागदावरच करा. तिथेच तोटा दिसत असेल, तर नाद सोडा. तेवढे पैसे तरी वाचले!