माऊली म्हणू नका, रजा द्या

मंडळी, या वीकांताला जरा चिडूनच लिहितोय.

स्वमग्न मुलाच्या आईबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारे बोललं जातं. एक, "करिअरच्या नादात उशिरा मूल, मग असं होणारच." दोन, "काय ती माऊली! देवाने निवडूनच तिच्या पदरात टाकलंय." मला दुसऱ्याचा जास्त राग येतो, पण आधी पहिलं.

आईला दोष द्यायची खोड शिकल्यासवरल्यांचीच आहे. लिओ कॅनरने १९४३ मध्ये स्वमग्नतेचं वर्णन केलं, आणि पुढे 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणजे माया न करणाऱ्या थंड आईमुळे हे होतं, ही थिअरी अमेरिकेत जोरात चालली. ब्रूनो बेटलहाइमने तर १९६७ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंडने याचं मूळ जैविक आहे असं मांडलं होतं. (रिमलंड स्वतः स्वमग्न मुलाचा बाप.) आज ती थिअरी मोडीत निघालीये, पण आपल्याकडे ती कपडे बदलून फिरते. थंड आईच्या जागी आता 'उशिराची आई'. वयाचा थोडाफार संबंध अभ्यासांत दिसतो, मान्य. पण तो बापाच्या वयाशीही दिसतो! बापाच्या वयाबद्दल लग्नाच्या पंगतीत कोणी कुजबुजताना ऐकलंय? आणि लॉगमध्ये दोन एरर शेजारी दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी आली असं आपण म्हणतो का?

आता माऊली. आमच्या टीममध्ये एक मॅडम आहेत, पंचेचाळिशीच्या. मुलगा अकरा वर्षांचा, बोलत नाही. सकाळी थेरपी, दुपारी शाळेतून फोन की "आज घेऊन जा", रात्री क्लायंटचा कॉल. मुलगा वयात येतोय, त्याला आवरायला ताकद लागते, आणि नेमकी आत्ताच यांची पाळी जायची वेळ. झोप नाही, मध्येच घामाघूम. सासूबाईंचं आजारपण वेगळंच. अप्रेझलमध्ये शेरा, "कमिटमेंट कमी." महिला दिनाला मात्र गुलाब आणि 'सुपरमॉम' लिहिलेला कप. च्यायला!

माऊली म्हटलं की काही द्यावं लागत नाही, ही खरी सोय. २०१७ पासून बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली, छान. पण मूल अकरा वर्षांचं झाल्यावर काय? केंद्र सरकारी नोकरीत बाईला संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, आणि दिव्यांग मुलासाठी मुलाच्या वयाची अट नाही. हिमाचलमधल्या एका प्राध्यापिकेला अशी रजा नाकारली, तेव्हा २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला सुनावलं की नोकरीतला बायकांचा सहभाग ही मेहरबानी नाही, घटनेने दिलेला हक्क आहे. खाजगी कंपनीवर मात्र अशा रजेची सक्ती नाही. सरकारी रजाही पुरुषांपैकी फक्त एकट्या बापाला. बायको असलेल्या बापाने मुलाला थेरपीला न्यावं, हे सरकारलाही सुचलेलं नाही.

मुलगा अठराचा झाला की या मॅडम बावन्नच्या असतील. तेव्हा १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली त्याचं पालकत्व मिळवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे अर्ज. त्यालाही सुट्टी टाकावी लागणारच.

तेव्हा एचआरवाल्यांनो, पुढच्या ८ मार्चला कप छापू नका. संगोपन रजा पॉलिसीत घाला, बापांनाही द्या, आणि थेरपीच्या वेळेत मीटिंग लावणं बंद करा.