पहिले आठ दिवस दार उघडू नका

मैत्रिणींनो, मागे परसातल्या अळवावर लिहिलं, तेव्हा सहज एक वाक्य लिहून गेले की अळवाच्या वाफ्यापलीकडे आमचं कोंबड्यांचं खुराडं आहे. अळवाबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही, पत्रं आली ती खुराड्याबद्दल! एका भगिनीने लिहिलंय, ‘सहा पिल्लं आणली, दुसऱ्याच दिवशी मोकळी सोडली, संध्याकाळी तीनच परत आली. आमचं काय चुकलं?’

ताई, तुमचं जे चुकलं तेच माझंही चुकलं होतं. आमचं हे कोकणातलं तालुक्याचं गाव. मागे अंगण आणि पलीकडे रान माजलेली मोकळी जागा. दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने गिरिराज जातीची दीड महिन्याची सहा पिल्लं आणली. खुराडं ह्यांनी दोन रविवार खपून तयार केलेलं. सासूबाई म्हणाल्या, “आठ दिवस कोंडून ठेव हो. आमच्याकडे नवं पाखरू आणलं की डालग्याखालीच ठेवायचे.” मला वाटलं, ह्या जुन्या समजुती. बिचारी पिल्लं बाजारातून दाटीवाटीने आलेली, जरा मोकळी फिरू देत. सकाळी दार उघडलं आणि शाळेत गेले.

दुपारी आले तेव्हा सगळी होती. खरा घोळ तिन्हीसांजेला झाला. त्यांना खुराडं हे आपलं घर आहे हे मुळी ठाऊकच नव्हतं! अंधार पडू लागला तशी अबोलीच्या ताटव्यामागे, कुंपणाच्या कोपऱ्यात, मिळेल तिथे बसली. बॅटरी घेऊन आम्ही नऊ वाजेपर्यंत शोधत होतो. दोन सापडली. सकाळी बोक्याची करणी दिसली, नुसती पिसं. धाकटी शाळेत जाईना, रडूनरडून डोळे सुजलेले. “आई, तू त्यांना दार का उघडलंस?” ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ह्यांनी तर जाहीर करून टाकलं, की आता ह्या घरात पुन्हा कोंबडी येणार नाही. सासूबाई मात्र एका अक्षराने बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. उरलेल्या दोघींतली एकच, छबी, पुढे जगली.

वर्षभराने ह्यांची समजूत घालून पुन्हा सहा आणली, तेव्हा सासूबाईंच्या सांगण्याबरहुकूम सगळं केलं. सहाच्या सहा आज परसात आहेत. तेच सांगते.

पिल्लं आणायची ती सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. आणल्या आणल्या दाणे टाकायचे नाहीत. आधी पाणी, त्यात थोडा गूळ विरघळवून. प्रवासाचा शीण उतरतो. तासा-दोन तासाने खाणं. आणि खाणं कोणतं? विकणाऱ्याकडे ती जे खात होती तेच! येताना त्याच्याकडून चार-पाच दिवस पुरेल इतकं मागून घ्या, मग थोडं थोडं आपलं मिसळा. जागा बदलली आणि त्याच दिवशी खाणंही बदललं की पोट बिघडलंच म्हणून समजा. लस कोणती टोचली, कधी, हेही तेव्हाच विचारा. मानमोडीवर औषध नाही, लस हाच उपाय. पहिल्या आठवड्यात, मग चौथ्या आठवड्याच्या सुमारास आणि आठव्या आठवड्यात ती देतात. नक्की काय राहिलंय ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावं.

खुराड्यात प्रत्येक पक्ष्यामागे दोन चौरस फूट जागा धरा, म्हणजे सहांना चार बाय तीन पुरतं. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस. ते कोरडंच हवं, कारण ओलसर राहिलं की रक्ती हगवण लागते आणि पिल्लं फुगून, पिसं पिंजारून कोपऱ्यात बसतात. असं दिसलं तर घरगुती उपायात दिवस घालवू नका, दवाखाना गाठा. जाळी अर्ध्या इंचाचीच घ्या. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस सहज आत शिरतं. अन् मुंगूस रात्रीचं नाही, भरदिवसा येतं, म्हणून कोंडलेल्या दिवसांतही कडी विसरायची नाही.

आता मुख्य गोष्ट. आठ दिवस दार उघडायचं नाही. पिल्लं जाळीशी येऊन ओरडतील, मुलं गळ घालतील, आपलंही मन द्रवेल. उघडायचं नाही. कोंबडीला अंधुक उजेडात फारच कमी दिसतं, म्हणून उजेड कमी होऊ लागला की ती ओळखीच्या जागी जाऊन बसते. ती ओळख व्हायला इतके दिवस लागतात. पहिल्या रात्री सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली. खालचं पिल्लू गुदमरू शकतं, म्हणून मी कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून लावला, म्हणजे कोपराच उरत नाही. बसायची दांडी जमिनीपासून फूटभर उंच, कडा घासून गोल केलेली. काळोख झाला की एकेकाला अलगद उचलून दांडीवर ठेवायचं. पहिल्या दिवशी पुन्हा उतरली. चौथ्या दिवशी चार जणी आपणहून बसल्या. उरलेल्या दोन हट्टी निघाल्या, पण आठवड्याने त्यांनीही ऐकलं.

सकाळ-संध्याकाळ वेळ एकच ठेवा. मी सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी दिवेलागणीआधी, पत्र्याच्या डब्यात ज्वारीची कणी खुळखुळवत जाते. डबा तोच, हाकही तीच. सासूबाई हसून म्हणाल्या, “नव्या सुनेला तरी आम्ही दुसरं काय केलं होतं? आधी घर कळू द्यायचं, मग अंगण.” मी म्हटलं, “आई, मला तर दुसऱ्याच दिवशी पाण्याला पाठवलंत!” तर म्हणतात, “पण संध्याकाळी परत आलीस ना!”

नवव्या दिवशी सोडलं, तेही सकाळी नाही. मावळायला तासभर असताना, आणि दुपारचं खाणं जरा कमी देऊन. लांब जायला वेळच उरत नाही, आणि डबा वाजला की भुकेपोटी धावत आत. पुढे रोज अर्धा-अर्धा तास वाढवत नेलं. शाळेचे तास असतात त्या दिवशी, घरात लक्ष ठेवणारं कुणी नसेल तर, अजूनही दुपारपर्यंत कोंडूनच ठेवते.

जुनी कोंबडी असेल तर मात्र जपून. आमची छबी तशी गरीब गाय, पण नवी पिल्लं पाहून तिच्या अंगात काय संचारलं देव जाणे! चोचीने टोचून एकीचं डोकं रक्ताळलं. कोंबड्यांत कुणी कुणाला टोचायचं ह्याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डेरुप-एब्बे ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १९२१ मध्येच ती नोंदवून ठेवली आहे. नवा पक्षी आला की उतरंड नव्याने लागते, आणि भांडणाशिवाय ती लागत नाही. आपण फक्त रक्त निघू द्यायचं नाही. मध्ये जाळी लावून आठवडाभर नुसतं एकमेकींना दिसू द्या. मग एखाद्या रात्री अंधारात नव्यांना छबीशेजारी दांडीवर ठेवा, आणि सकाळी खाण्याची भांडी दोन ठेवा, लांब लांब. थोडी टोचाटोची होईल, तिकडे काणाडोळा करा. रक्त दिसलं तर जखमी पिल्लू वेगळं काढून हळद लावा, कारण लाल दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात.

शेजाऱ्यांना आधी विचारून घ्यावं, आणि नगरपालिकेचा काही नियम आहे का तेही. आमच्या शेजारच्या काकू शुद्ध शाकाहारी. पण खत गुलाबाला मिळतं म्हणून त्यांची तक्रार नाही!

अंड्यांची घाई करू नका, पाच-सहा महिने तरी लागतात. अंडी घालायच्या खोक्यात भाताचं काड कधी आणि कसं घालायचं, ते पुढच्या खेपेला लिहीन. आता दिवेलागणीची वेळ होत आली. धाकटी डबा घेऊन दारात उभी आहे, दांडीवरची डोकी मोजून कडी लावायचं काम तिचं आहे.