मागे फिरण्याचे धैर्य

ध्रुवप्रदेशाच्या कथा आमच्या सुशिक्षित घरांत आवडीने वाचल्या जातात. परंतु त्यांतून मुलांच्या मनावर जे बिंबते, ते आम्हांस घातक वाटते. १७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट दक्षिण ध्रुवावर पोहोचला, परतताना चार सोबत्यांसह मृत्यू पावला, आणि वीर ठरला. त्याच्या आधी, १४ डिसेंबर १९११ रोजी तेथे पोहोचून आपली माणसे सुखरूप परत आणणारा अमुंडसेन मात्र नुसता नशीबवान! हा न्याय उफराटा होय. अमुंडसेनाने कॅनडाच्या उत्तरेस एस्किमोंच्या शेजारी दोन हिवाळे काढून कातड्याचा पोशाख व कुत्र्यांची घसरगाडी यांची विद्या शिष्यभावाने संपादन केली होती. युरोप ज्यांना रानटी म्हणे, त्यांच्या पायाशी तो बसला. त्याचे नशीब ते हेच.

शॅकल्टन १९०९ साली ध्रुव अवघा १८० किलोमीटर उरला असता, शिधा पुरणार नाही हे ओळखून मागे फिरला. पुढे १९१५ साली त्याचे जहाज बर्फात चिरडले. तरी त्यावरील अठ्ठावीसही जण जिवंत सुटले.

यावर कोणी म्हणेल, हिशेब करणाऱ्यांच्या हातून पराक्रम घडत नाही. स्कॉटचा धीर थोर नव्हता काय? होता. मरणाच्या दारीही त्याच्या तुकडीने सुमारे सोळा किलो खडकांचे नमुने टाकले नाहीत. त्या निष्ठेस आमचे वंदन. परंतु मरण हे त्या पराक्रमाचे मोल होते. त्याचे लक्षण नव्हे.

मालवणच्या गाबितास हे शिकवावे लागत नाही. खवळलेल्या दर्यात होडी लोटू नये, आभाळ फिरले की जाळे आवरून बंदर गाठावे, हे त्याचे शास्त्र. त्याला बंदरावर कोणी भ्याड म्हणत नाही. आणि काठावर बसलेले आमचे पदवीधर म्हणतात, आपल्या लोकांत साहस नाही!

याच किनाऱ्याच्या दक्षिणेस, मुरगाव बंदरातून ६ डिसेंबर १९८१ रोजी 'पोलर सर्कल' जहाज निघाले. ९ जानेवारी १९८२ रोजी पहिली भारतीय मोहीम अंटार्क्टिकावर उतरली. १९८३–८४ च्या तिसऱ्या मोहिमेत औंधच्या पंत घराण्यातील डॉ. अदिती पंत व डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या शास्त्रज्ञ स्त्रिया गेल्या, काम करून परत आल्या. आपल्या किती मुलांना ही नावे ठाऊक आहेत? स्कॉटचे मात्र सर्वांस पाठ!

वीर ओळखण्यासाठी ज्या समाजाला प्रेत लागते, त्याने आपल्या मुलांना साहसाचे धडे देऊ नयेत.